आ वेईच्या जागी

१३ जुलै, शनिवार

हस्निताचं म्हणणं, आठवडाभर कॅम्पात ओरडून माझं पोट भरत नाही म्हणून मी शनिवारी पोलिसात जाऊन ओरडून घेतो. बायकोला कोण समजावणार? पोलिसात मला ओरडू देतंय कोण! कॅम्पात मी वॉरंट ऑफिसर, पोरं ‘एन्चिक, एन्चिक’, म्हणजे ‘साहेब, साहेब’, करत पुढंमागं नाचतात. चौकीत मी फुकट राबणारा राखीव पोलीस, आणि माझी वरिष्ठ म्हणजे सार्जंट कोगिला, माझ्या धाकट्या बहिणीपेक्षाही लहान. गाडीत बसलो की पहिलं वाक्य ठरलेलं: “अण्णा, पट्टा लावा. ही तुमची पलटण नाही.”

आज दुपारी बुकित मेराहच्या जुन्या भाड्याच्या इमारतीतून तक्रार आली. एक म्हातारा सकाळपासून आपलंच जाळीचं दार बडवतोय, शेजाऱ्यांना झोप नाही. आम्ही गेलो. म्हाताऱ्यानं आमचे निळे कपडे पाहिले मात्र, बडवायचं थांबवून खुर्चीमागं जाऊन बसला आणि चिनीत किंचाळायला लागला. जाळीला आतून कुलूप, किल्ली त्याच्याच गळ्यात.

मग आतल्या मोरीतून एक पोरगा धावत आला. अंगावर लष्कराचा हिरवा गणवेश, पायात स्लीपर. मी बघतच राहिलो. तो माझ्याच कंपनीतला, सक्तीची लष्करी सेवा करणारा शिपाई ओंग जुन वेई. कंपनी ब्रुनेईच्या जंगलात सरावाला गेली त्या सकाळपासून हा बेपत्ता. माझा गुडघा दुखावलाय म्हणून मी मागे राहिलो, आणि या पठ्ठ्याच्या शोधाची कटकटही माझ्याच गळ्यात पडली होती.

पळून आलेला शिपाई घरात गणवेश घालून बसतो, हे वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच पाहिलं.

“एन्चिक,” तो म्हणाला आणि स्लीपरमध्येच सावधान उभा राहिला.

म्हाताऱ्यानं त्याच्या बाहीला धरून लाडाच्या नावानं विचारलं, “आ वेई, जेवलास का?”

“जेवलो, पा.”

बराकीत चिनी पोरांबरोबर राहून त्यांची भाषा मला कामापुरती येते. मी मोठ्यानं म्हणालो, “जेवलास? तुला जेवण कुठलं मिळणार आहे आता, ते ठाऊक आहे का?” कोगिलानं मला कोपरानं ढोसलं.

जाळीच्या अलीकडून मी आणि पलीकडून तो, असं बोलणं झालं. आई नाही, भाऊबहीण नाही. बापाची आठवण दोन वर्षांपासून पुसत चाललीय. जुन वेई स्टोअरमध्ये असल्यानं त्याला रोज संध्याकाळी घरी जायची सवलत. संध्याकाळी हिरवा गणवेश जाळीशी आला की बाप किल्ली काढतो. साध्या कपड्यांत गेलं तर मुलगा ओळखू येत नाही. निळ्याची भीती आहे, कारण म्हातारा तरुणपणी विनापरवाना शेवयांची गाडी लावायचा, आणि निळे कपडे दिसले की गाडी ढकलत पळायचा.

“मागच्या वेळी पाच दिवस जंगलात होतो. आलो तर दोन दिवस मला ओळखलंच नाही. डॉक्टर म्हणाले, रोज दिसत राहा, तेवढंच औषध आहे. ब्रुनेईला तीन आठवडे गेलो असतो तर संपलंच होतं, एन्चिक.”

“मग अर्ज करायचास!”

“केला होता.”

अर्ज माझ्या टेबलावरूनच गेला असणार. मला आठवत नाही. असे अर्ज ढिगानं येतात.

मी त्याला म्हणालो, “सोमवारी आपल्या पायांनी कॅम्पात ये. पकडून आणलेला वेगळा, स्वतः आलेला वेगळा. मी मेजरसाहेबांशी बोलतो. फार तर आठवडाभर कॅम्पबंदी होईल. माझा शब्द.”

खाली उतरताना कोगिला म्हणाली, “अण्णा, शब्द कुठल्या गणवेशानं दिलात?”

“म्हणजे?”

“निळ्या कपड्यांत हिरव्याचा शब्द दिलात. चालतो का तिकडे?”

पोरगी फार शहाणी आहे. पण फौज काय असते ते तिला काय माहीत.

१५ जुलै, सोमवार

आला. सकाळी फाटकाशी उभा, बूट आरशासारखे. मला भरून आलं. म्हटलं, माणूस पारखण्यात आपण चुकत नाही.

मेजर सिआंपुढं उभा राहून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “रझाली, परदेशातला सराव चुकवलाय. मी याला सोडला तर पुढच्या सरावाला विमान अर्धं रिकामं जाईल.” मी म्हणालो, साहेब, बापाचं दुखणं आहे. ते म्हणाले, “प्रत्येकाचा बाप असतो.” हे वाक्य मीच पोरांना ऐकवत आलोय. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कानाला बोचलं.

१९ जुलै, शुक्रवार

जुन वेईला लष्करी कोठडीत एक महिना.

सुनावणी चालली होती तेव्हा मी बाहेरच्या बाकावर होतो. तो बाहेर आला तेव्हा मी तोंड कुठं लपवू असं झालं. त्यानं शिवी दिली असती तरी ऐकून घेतली असती. त्यानं एवढंच विचारलं, “पा?”

“मी आहे,” मी म्हणालो.

“तुम्हाला ते दार उघडणार नाहीत.”

“उघडतील. तू काळजी करू नकोस.”

परत शब्द दिला. तोंडाला कुलूप घालायची अक्कल काही येत नाही मला.

२० जुलै, शनिवार

आज पोलिसाची पाळी होती. कोगिलाला विनवून गाडी तिकडे वळवली. चौकशीला जातोय अशी रीतसर नोंद केली. म्हातारा खुर्चीमागं. मी जाळीतून “ओंगकाका, मी आ वेईचा साहेब,” असं तीनतीनदा सांगितलं. त्यानं आतून चप्पल फेकून मारली.

शेजारच्या रोकियामावशी जाळीतून भाताच्या पेजेचा डबा आत सरकवतात. म्हणाल्या, “डबा घेतो, पण खात नाही. पोरगा आल्याशिवाय खात नाही तो. काल सगळं मोरीत ओतलं.” मग माझ्या कपड्यांकडं बघत म्हणाल्या, “तुला अक्कल आहे का रे? हिरवे घालून ये की.”

गाडीत कोगिला हसत होती. मग हसायची थांबली. “अण्णा, घालू नका,” म्हणाली.

“का?”

“का ते मला नीट सांगता येत नाही. पण घालू नका. समाजसेवेच्या ऑफिसात कळवू या, ते बघतील.”

कळवलं. त्यांनी सोमवारी माणूस पाठवतो म्हणून सांगितलं. सोमवारपर्यंत म्हाताऱ्यानं काय हवा खायची?

२१ जुलै, रविवार

सुट्टीच्या दिवशी हिरवा गणवेश घातला. हस्निता दारात उभी राहून म्हणाली, “युद्ध लागलं का?”

जाळीशी उभा राहिलो. म्हातारा आला, वरपासून खालपर्यंत पाहिलं, गळ्यातली किल्ली काढली. कुलूप उघडलं आणि म्हणाला, “आ वेई, किती उशीर! जेवलास का?”

मी जेवलो नाही म्हणालो. मग आम्ही दोघांनी रोकियामावशींची पेज खाल्ली, खारवलेलं अंडं फोडून. त्यानं वाडगा चाटूनपुसून खाल्ला. आपल्या अंड्यातला पिवळा भाग काढून माझ्या वाडग्यात टाकला.

जिंकलो! असं वाटलं, खोटं कशाला बोलू.

२२ जुलै, सोमवार

समाजसेवेची बाई आली होती, मिस चुआ. चांगली आहे, पण तिच्याकडं एकच औषध: वृद्धाश्रमात जागा होतेय, मुलगा येईपर्यंत तिकडे ठेवू. मी म्हणालो, मुलाला तेच नकोय. मुलाच्या पाठीमागं बापाला हलवायचं नाही. “मग रोज कोण येणार?” मी छातीवर हात मारला. तिनं विचारलं, “तुम्ही नात्यानं कोण?” मी म्हणालो, त्याचा एन्चिक. तिला काही ते पटलं नाही, पण मान हलवून गेली.

२६ जुलै, शुक्रवार

रोज जातो. कॅम्प सुटला की थेट तिकडे. म्हातारा आता जाळीशी स्टूल टाकून वाट बघत बसतो. मला लांबून पाहिलं की किल्ली काढून तयार. माझ्या स्वतःच्या लेकीनं कधी माझी अशी वाट पाहिलेली नाही. ती आपली फोनमध्ये डोकं खुपसून “आलात?” एवढं म्हणते.

गुडघा आठ मजले चढू देत नाही आणि लिफ्ट दोन दिवस बंद होती. तरी गेलो.

२७ जुलै, शनिवार

पोलिसाच्या पाळीनंतर चौकीत कपडे बदलून निघालो. कोगिलानं पाहिलं.

“तुम्ही त्यांना सांगता का, की तुम्ही आ वेई नाही?”

“एकदा सांगायला गेलो होतो. घाबरला. जेवायचा थांबला. आता कशाला सांगू? आजारी माणसाला उगाच त्रास.”

ती नुसती माझ्या बुटांच्या नाड्यांकडं बघत उभी राहिली. या पोरीला झालंय काय कळत नाही. आधी माझी टिंगल करायची ती बरी होती.

३ ऑगस्ट, शनिवार

भिंतीवर जुन वेईचा प्रशिक्षण संपल्याच्या दिवशीचा फोटो आहे, टोपी उंच उडवलेला. म्हाताऱ्यानं फोटोकडं पाहिलं, मग माझ्या पोटाकडं. म्हणाला, “लष्करात खायला बरंच घालतात रे तुला.” मी इतका हसलो की पेज नाकात गेली. तोही हसला. त्याला वरचे दात नाहीत, हसला की तान्हं मूल वाटतो.

मग मला गाडीच्या दिवसांतली गोष्ट सांगितली. तू पोटात होतास तेव्हा तुझी आई गाडीच्या मागून धावायची, मी म्हणायचो पळू नको, तर म्हणायची पकडले गेलो तर तिघं पकडले जाऊ. जुन वेईनं ही गोष्ट ऐकली असेल का? त्याला सांगायला हवी.

५ ऑगस्ट, सोमवार

कामाचं निमित्त काढून कोठडीत जाऊन आलो. वाळलाय. डोक्याचा तुळतुळीत गोटा. माझ्यासमोर सावधान. बस म्हटलं तरी बसेना.

“पा खातात का?”

“वाडगा चाटून. वजन वाढलंय.”

“दार?”

“लगेच उघडतात.”

मग त्यानं विचारलं, “माझं नाव घेतात का, एन्चिक?”

“अरे, सारखं! दर दोन मिनिटांनी आ वेई, आ वेई. एकदाही चुकत नाहीत.”

त्याचं तोंड असं उजळलं की मला तिथंच त्याला मिठी मारावीशी वाटली. इतके दिवस मी या पोराला तोंडघशी पाडल्याची टोचणी होती, ती आज निम्मी तरी गेली. शब्द एक मोडला, पण एक पाळतोय.

९ ऑगस्ट, शुक्रवार

राष्ट्रीय दिन. सगळ्या गॅलऱ्यांत झेंडे. विमानं गेली तेव्हा म्हाताऱ्यानं माझा हात घट्ट धरला. उशिरापर्यंत सोडला नाही.

१३ ऑगस्ट, मंगळवार

आज म्हाताऱ्यानं फोटोकडं बोट दाखवून विचारलं, “हा कोणाचा पोरगा?”

“नीट बघा ना,” मी म्हणालो.

त्यानं बघितलं. “गोड आहे,” म्हणाला आणि पेज खायला लागला.

डोळ्यांत मोतीबिंदू असणार. फोटोवर धूळही फार आहे. काच पुसली. जुन वेई आला की डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यायला सांगायला हवं.

१५ ऑगस्ट, गुरुवार

कोगिलाचा फोन. परवा पोरगा सुटतोय ना, म्हणाली. आधी मिस चुआला घेऊन जा, एकटे जाऊ नका. मी म्हणालो, बाप-लेकाच्या भेटीत सरकारी बाई कशाला? “अण्णा, तुम्हाला खरंच दिसत नाही का?” एवढं म्हणून थांबली. काय दिसत नाही ते विचारलं तर म्हणाली, “असू दे. माझं चुकत असलं तर बरं.”

हल्ली सरळ कुणी बोलतच नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार

आज पोलिसाची पाळी रद्द करून घेतली. लिहायला बसलोय, पण हात चालत नाही. जे झालं ते झालं तसं लिहितो.

पोराला फाटकातून घेतला. दोघंही हिरव्यात. वाटेत त्यानं बदकाचं भाजलेलं मांस घेतलं, पाला आवडतं म्हणून. मला म्हणाला, “हे हलाल नाही, तुम्हाला चालणार नाही, तुमच्यासाठी रोकियामावशींकडची पेज आहे ना?” माझं पथ्यही लक्षात ठेवलं पोरानं. लिफ्टमध्ये सारखा डोक्यावरून हात फिरवत होता. “गोटा असला तरी ओळखतील ना?” मी म्हणालो, “बापाला गोटा काय नि झिपऱ्या काय!”

मी मुद्दाम मागं राहिलो. तो जाळीशी गेला. “पा.”

म्हातारा स्टुलावरून उठला. त्याच्याकडं पाहिलं. किल्लीला हात लावला नाही. मग त्याच्या खांद्यावरून मी दिसलो तसा चेहरा फुलला, किल्ली काढली, कुलूप उघडलं.

“आ वेई, उशीर केलास. पाहुणे आणलेस होय?” आणि पोराकडं वळून, “या, या. बसा. जेवलात का?”

आपल्या पोराला अहोजाहो करत होता तो.

मी म्हणालो, “ओंगकाका, मी आ वेई नाही. हा आ वेई. हा बघा, हा तुमचा.” फोटो भिंतीवरून काढला, पोराच्या तोंडाशेजारी धरला. “हा बघा!” माझा आवाज चढला असणार, कवायतीच्या मैदानावर चढतो तसा. म्हातारा आधी हसला, मला वाटतं थट्टा समजला. मग घाबरला. माझा दंड दोन्ही हातांनी धरला आणि माझ्यामागं लपून पोराकडं बघायला लागला, निळ्या कपड्यांकडं बघायचा तसा.

“राहू द्या, एन्चिक,” जुन वेई म्हणाला.

“अरे पण...”

“राहू द्या. घाबरतायत ते.”

तो पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसला. म्हाताऱ्यानं मला खुणावलं, याला वाढ. मी वाढलं. त्याच्या घरात, त्याच्याच ताटलीत, मी त्याला वाढलं. म्हाताऱ्यानं बदकाची तंगडी उचलली, सवयीनं माझ्यासमोर धरली. मी मान हलवली. तेव्हा त्यानं ती पाहुण्याच्या ताटलीत ठेवली आणि म्हणाला, “घ्या, लाजू नका. तुमचे वडील काय करतात?”

पोरगा चावायचा थांबला.

“शेवयांची गाडी होती त्यांची,” तो म्हणाला.

“अरे वा! मग आमच्यातलेच की.”

“हो, काका.”

मी मोरीत गेलो आणि नळ सोडून रडलो. माझा बाप मेला तेव्हाही इतका रडलो नव्हतो. मी केलं काय? मी तर त्याला जेवायला घालत होतो. रोज, एकही दिवस न चुकवता. कोणी मला चोर म्हणालं नाही, म्हणणारही नाही, आणि तरी या घरात होती नव्हती तेवढी एकच गोष्ट मी घेतली. परत द्यायची तर कशी देऊ? मेजरसाहेबांना विचारू? पोलिसात तक्रार नोंदवू? स्वतःच नोंदवून घेऊ?

कोगिलाला फोन केला. सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, “अण्णा, घरी जा.” चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

१८ ऑगस्ट, रविवार

सकाळी जुन वेईचा फोन. रात्री बाप त्याला घरात बघून किंचाळत राहिला, म्हणून तो रोकियामावशींच्या दारापुढच्या गॅलरीत झोपला. पहाटे जाळीशी जाऊन उभा राहिला, हिरव्यात. दार उघडलं नाही. आतून सांगितलं, “आ वेई कामाला गेलाय, संध्याकाळी या.”

मी म्हणालो, मिस चुआशी बोलतो. डॉक्टरांशी बोलतो. आठवड्याभरात परत आठवेल, मागच्या वेळी दोन दिवसांत आठवलं होतं की. त्यानं सगळं ऐकून घेतलं. माझ्या शब्दांची किंमत त्याला आता माझ्याहून जास्त माहीत आहे.

मग म्हणाला, “एन्चिक, संध्याकाळी याल का? तुम्ही आलात की ते दार उघडतात. तुमच्यामागून मला आत येता येईल.”

इतक्या अदबीनं म्हणाला, सुट्टीचा अर्ज देताना म्हणतात तसं. मी येतो म्हणालो.

हस्नितानं गणवेशाला इस्त्री करून ठेवलीय.